बद्द आवाज

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं
मी लोखंड ठोकून ऐकत आलो.
हातोडी पावशेराची, दांडा बाभळीचा.
टण्ण वाजलं की माल पुढे,
बद्द वाजलं की लाल खडूची फुली.
आतली चीर डोळ्याला दिसत नाही,
कानाला कळते.

एक पंपाचं कवच मी पुढे जाऊ दिलं.
गर्दीचा महिना, मशीनं ओरडत होती,
वाजलं असेल बरोबर, असं वाटलं.
टेस्टिंगच्या बाकावर ते फुटलं
आणि भीमाप्पा कणबरगीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.
चौकशीत माझा कागद स्वच्छ निघाला.
त्या रात्रीपासून हातोडी घरी यायला लागली.

पहाटे तीनला, कॅम्पातली कुत्री गप्प झाली की
ती माझ्यावरच ठोके मारते.
बाप म्हणून? बद्द.
नवरा म्हणून? बद्द.
मंडळीचा वडील, रविवारी अर्पणाची थैली फिरवणारा
शांतवन भंडारे?
बद्द, बद्द. लाल फुली.

करुणाने फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या:
भिऊ नको. आनंद कर. चांगल्याचाच विचार कर.
उपासना सुटल्यावर सुलोचनाबाई म्हणाल्या,
"वाईट विचार आला की हल्लेलूया म्हणायचं, पळतो."
म्हटलं. पळाला नाही.
खुर्ची ओढून बसला.
खरं सांगतो, त्या चिठ्ठ्या मी लांबीसारख्या वापरल्या,
भोक बुजवायचं, वरून रंग मारायचा,
गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही.
गिऱ्हाईक मीच होतो.

मग फेब्रुवारीत पिरनवाडीची एक पोरगी शिकाऊ म्हणून आली,
रेणव्वा.
पहिल्याच दिवशी सात नगांवर फुली.
"सगळेच बद्द वाजतात, सर."
बघतो तर नग जमिनीवर, वाळूत रुतलेले.
मी खेकसलो, सगळ्यांवर खेकसतो तसाच,
"अगं, जमिनीवर ठेवून ठोकशील तर चांगलंही बद्दच वाजणार.
आधी उचल. हुकाला टांग. मोकळं लटकू दे,
मग..."

पुढचं तोंडातच राहिलं.
"मग काय, सर?"
वर गर्डरला साखळी कुरकुरत होती.

त्या रात्री तीनला हातोडी आली.
म्हटलं, थांब.
अंथरुणातच उठून बसलो. गुडघे दुखतात, टेकले नाहीत.
प्रभू, मी जड आहे,
साच्यातली वाळू अजून अंगाला आहे,
पण वर तुझा हुक आहे असं लहानपणापासून ऐकत आलोय.
उचल.
किती तरी वेळ काहीच झालं नाही.
मग पाठीखालची जमीन सुटल्यासारखी वाटली,
वीतभर. तेवढंच.

आता मार, म्हटलं.
बाप: पोरगी हुबळीहून रोज फोन करते,
उगीच, भाजी काय केली विचारायला.
टण्ण.
नवरा: करुणा झोपेत माझी चादर ओढते, हक्काने.
टण्ण, आणि मागे थोडी किणकिण.
भीमाप्पा.
बद्द.
पुन्हा वाजवून बघितलं. तिथे चीर आहेच.
देवानेही ती झाकली नाही,
याचं का कोण जाणे, बरं वाटलं.

रविवारी कंग्राळीला गेलो,
इस्त्रीचा सदरा, हातात कुंद्याचा डबा, पोटात गोळा.
"बर्री, कूडरी," भीमाप्पा म्हणाला.
शेंगा सोलत बसला होता, सूप मांडीवर,
उजव्या हाताची तीन बोटं.
मी म्हटलं, त्या दिवशी मी नीट ऐकलं नव्हतं.
कागदावर नाही ते. तुला सांगतोय.
तो सोलत राहिला.
एक शेंग. आणखी एक.
मग सूप माझ्याकडे सरकवलं.
"ठाऊक होतं की," म्हणाला.
"सोला आता. हात रिकामे कशाला."

चिठ्ठ्या अजून फ्रिजवर आहेत,
एक गळली, तिथे करुणाने दुधाचं बिल लावलंय.
हातोडीही येते, आठवड्यातून एकदोनदा.
मी आधी साखळी बघतो.